‘तो मला काहीच सांगत नाही’

भांडुपहून एका आईचं पत्र आलं आहे. त्या ३३ वर्षांच्या आहेत, फोर्टला बँकेत नोकरी करतात. मुलगा २ वर्षं ७ महिन्यांचा. सकाळी आठला घर सोडायचं आणि संध्याकाळी पावणेआठला परतायचं. सकाळचे दोन तास तो प्लेग्रुपला जातो, बाकी दिवसभर सासूबाईंकडे असतो. आजीशी त्याची अखंड बडबड चालते. आई घरी आली आणि तिने ‘आज काय केलंस?’ विचारलं, की एक तर ‘नाही’ म्हणतो, नाहीतर पळून जातो. बोलण्यात मराठी, हिंदी आणि इंग्रजीची सरमिसळ आहे, ‘मला वो ब्लू गाडी पायजे’ अशी. मुलगा असून ‘मी जाते, मी खाते’ म्हणतो, त्यावर सोसायटीतल्या बायका हसतात. प्लेग्रुपच्या टीचरनी ‘घरी इंग्रजीच बोला’ असं सांगितलं आहे. दिराची तेवढ्याच वयाची मुलगी घडाघडा कविता म्हणून दाखवते. जेवताना मोबाइल लागतो. नवरा म्हणतो, ‘बोलेल की, घाई काय आहे?’ त्या विचारतात, ‘माझं मूल माझ्याशीच बोलत नाही, म्हणजे मी त्याला गमावते आहे का? दोन वर्षं नोकरी सोडू का?’

प्रिय मैत्रिणी,

तू माझ्या लेकीच्या वयाची आहेस, म्हणून अहोजाहो न करता लिहिते.

तुझ्या पत्रात एका मंगळवारच्या संध्याकाळचं वर्णन आहे. ते मी तीनदा वाचलं. दारातून आत आल्यापासून ताटं वाढेपर्यंत तू त्याला अकरा प्रश्न विचारलेस. काय केलंस, काय खाल्लंस, टीचरने काय शिकवलं, आजीला त्रास दिलास का, हा कुठला रंग, हे किती, ती पोएम म्हण बघू. त्याने चार वेळा ‘नाही’ म्हटलं, एकदा तो टेबलाखाली शिरला आणि मध्येच एकदा म्हणाला, ‘मी गाडी’. तू लिहितेस, ‘त्याला काही अर्थ लागेना, म्हणून मी पुढचं विचारलं.’

मला वाटतं, त्या संध्याकाळी त्याने तुझ्याशी बोलायला सुरुवात केली होती ती तिथेच. ‘मी गाडी’ म्हणजे मी गाडी झालोय, मी गाडी पाहिली, मला गाडी हवी, तू गाडीने आलीस ना, यातलं काहीही असेल. नेमकं काय ते कळायची गरजही नव्हती. खाली बसून ‘तू गाडी? चला, निघाली गाडी!’ एवढं म्हटलं असतंस, तर पुढचं त्यानेच सांगितलं असतं.

तुला दोष द्यायला हे लिहीत नाही. दिवसभराचं काम आणि परतीची गर्दी अंगावर घेऊन घरी येणाऱ्या बाईला एकाच गोष्टीची तहान असते, आपण नसताना आपल्या बाळाचा दिवस कसा गेला याची. प्रश्न त्या मायेतूनच येतात. त्याला मात्र ती माया दिसत नाही, परीक्षा दिसते.

मी गिरगावात एका चाळीच्या तळमजल्यावर २६ वर्षं बालवाडी चालवली. सुटायच्या वेळी दारात उभी प्रत्येक आई विचारायची, ‘आज काय शिकलास?’ आणि पोरं ठरल्यासारखी सांगायची, ‘काही नाही’. जिन्याखाली एक मांजर असायची. तेच पोर तिच्याजवळ बसून वाळूत काय सापडलं, कोण रडलं, कुणी कुणाचा खाऊ पळवला, सगळं सांगत बसे. मांजर काही विचारत नसे.

‘आज काय केलंस?’ हा प्रश्न मोठ्यांना सोपा वाटतो. अडीच वर्षांच्या मुलाने त्याचं उत्तर द्यायचं म्हणजे किती कामं झाली बघ. सकाळ आठवायची, त्यातलं एक निवडायचं, क्रम लावायचा, आणि जे समोर नाही त्याला शब्द शोधायचे. या वयात ‘काल’ म्हणजे आत्ता नसलेलं काहीही. मागच्या आठवड्यातला वाढदिवस ‘काल’ आणि उद्या यायची मावशीही ‘काल’. त्यात तुमच्या सोसायटीच्या गार्डनमधल्या हिंदीत होऊन गेलेला दिवस ‘कल’ आणि येणारा दिवसही ‘कल’. त्याने गोंधळावं नाही तर काय करावं!

मग त्याला सांगायला शिकवायचं कसं? आधी तू सांगायचं. चपला काढल्यावर, हातपाय धुऊन, त्याच्या शेजारी जमिनीवर बैस आणि तुझ्या दिवसातली एक छोटीशी गोष्ट सांग. ‘आज ना, ट्रेनमध्ये एक काकू होत्या. त्यांच्या पिशवीतून मेथी बाहेर डोकावत होती. माझ्या नाकालाच लागली!’ बस्स, एवढंच. पहिल्या दिवशी तो नुसता बघेल. चौथ्या दिवशी विचारेल, ‘मेथी?’ आठपंधरा दिवसांत काकूंच्या पिशवीत कधी मेथी, कधी वांगी, कधी वाघसुद्धा निघेल. गोष्ट कशी सुरू होते, मध्ये काय घडतं, शेवटी काय होतं, हे मूल ऐकूनच शिकतं.

आणि दुसरं, एक डबा कर. जुना स्टीलचा डबा चालेल. दिवसभरात आजी-नातवाने त्यात एकच वस्तू ठेवायची. शेंगेचं टरफल, सोसायटीत पडलेलं बदामाचं लाल पान, दुकानाची पावती, प्लेग्रुपमधून आलेला कागदाचा मासा, काहीही. तू आलीस की त्याने तो डबा तुझ्यासमोर उघडायचा. हातात वस्तू असली की सकाळ आठवायचे कष्ट पडत नाहीत, ती समोरच असते. तू विचारायचं काहीच नाही, फक्त म्हणायचं, ‘अगं बाई, केवढं लाल पान!’ आणि गप्प राहायचं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं, तेव्हा महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पानं असं आजूबाजूचंच मुलांच्या हाती दिलं. माझ्या बालवाडीत मी तेच केलं आणि मुकी वाटणारी मुलं पानाफुलांवर बोलती झालेली पाहिली. बिया आणि मणी तेवढे नजरेसमोरच असू देत. हे नाकात घालून बघायचं वय आहे.

गप्प राहायचं म्हणाले, ते सगळ्यात अवघड आहे. आपण मुलाला उत्तराला वेळच देत नाही. त्याच्या तोंडात शब्द जुळतोय तोवर आपला पुढचा प्रश्न जातो. मनात पाच आकडे मोज. पाच आकडे फार मोठे वाटतात, पण त्याचा शब्द बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्यालाच येतो.

गप्पांसाठी वेगळा वेळ काढायला हवा, हेही मनातून काढून टाक. स्वयंपाकघरात जे चाललं आहे त्यात त्याला बसव. तुमच्याकडे वालाचं बिरडं होतं असं लिहिलं आहेस. मग तर सोनंच! मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून परात खाली ठेव. साल चिमटीत धरून दाबलं की वाल सुळकन निसटतो. एकदा त्याच्या बोटांतून तो असा निसटला, की हे होईल:

‘पलाला!’

‘पळाला! वाल पळाला!’ (आता थांब.)

‘खाली.’

‘हो, ओट्याखाली गेला. तिथे एकटाच बसलाय.’

‘मी आणते.’

‘तू आणतोस? आण बरं. मी दुसरा सोलते.’

यात तू एकच प्रश्न विचारलास आणि त्याच्याकडे सांगण्यासारखं होतं. वाल पळाला ही त्याची बातमी होती. अर्धी वाटी वाल सोलायला वीस मिनिटं जातील, फरशी ओली होईल, आठाचं जेवण साडेआठला होईल. ते होऊ दे.

आता ‘मी आणते’कडे वळते, कारण त्या हसणाऱ्या बायकांचं मला वाईट वाटलं. तुझा मुलगा काहीही चुकलेला नाही. तो दिवसभर आजीकडून ऐकतो ‘मी जाते’, संध्याकाळी तुझ्याकडून ऐकतो ‘मी येते’. ‘मी’ म्हणणारी माणसं ‘ते’ लावतात, असा नियम त्याने कान देऊन शोधून काढला आहे. मराठीत तीन लिंगं, त्यात क्रियापदही बोलणाऱ्याप्रमाणे बदलतं, आणि घरातले दोन्ही मुख्य आवाज बायकांचे. ज्या मुलाने एवढं नीट ऐकलं, त्याच्या भाषेची मला काळजी वाटत नाही. ‘असं नाही, असं म्हण’ करू नकोस, पुन्हा पुन्हा म्हणून घेऊ नकोस. वर केलंस तसं बरोबर रूप आपल्या वाक्यात घालून त्याला परत दे, ‘तू आणतोस’. हसणाऱ्यांना मात्र मुलासमोरच शांतपणे सांग की तो शिकतोय.

आणि हा निरोप त्याच्या बाबांना दे. ‘मी जातो, मी येतो, मी धुतो’ हे त्या घरात म्हणायला तेच एक माणूस आहे. रात्रीची आंघोळ किंवा झोपायच्या आधीचं दात घासणं त्यांच्याकडे द्या, रोज, ठरवून. ‘मी पाणी ओततो, तू साबण लावतोस.’ ‘बोलेल की’ म्हणून बाजूला बसण्यापेक्षा ही वीस मिनिटं फार मोलाची आहेत.

टीचरच्या सल्ल्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे, तो मानू नकोस. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने मूल बोलायला मागे पडत नाही. आपल्या मुंबईत तर पिढ्यान्‌पिढ्या मुलं अशीच वाढली आहेत. ‘मला वो ब्लू गाडी पायजे’ हे वाक्य पुन्हा वाच. कोणती गाडी, ते सांगितलं आहे. कुणाला हवी, तेही सांगितलं आहे. ज्या भाषेतला शब्द हाताशी होता तो घेतला. मुलाला किती शब्द येतात हे बघताना सगळ्या भाषांतले शब्द एकत्र धरायचे असतात, नुसते मराठी किंवा नुसते इंग्रजी नाही. तू त्याच्याशी त्याच भाषेत बोल जिच्यात तुला त्याचा लाड करता येतो आणि जिच्यात तुझा राग आपोआप बाहेर पडतो. ठरवून बोललेल्या इंग्रजीत तू त्याला ‘शूज’, ‘मिल्क’, ‘कम हिअर’ देशील. वालाची गंमत, मेथीचा वास, आजीच्या मालवणीतला हेल त्यात कुठून येणार? २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेसुद्धा किमान पाचवीपर्यंत शक्य असेल तिथे घरची भाषा हेच शिकण्याचं माध्यम असावं असं म्हटलं आहे, आणि इथे तर बाळ अजून तीन वर्षांचंही नाही. शाळेतलं इंग्रजी शाळेत येईल. दिराच्या मुलीच्या कवितांचं कौतुक कर, मनापासून कर. पाठ म्हणणं आणि बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे तुलना मनात आणू नकोस.

तरीही एक गोष्ट मी कुठल्याही आईला सांगितल्याशिवाय राहत नाही. तुझ्या मुलाबद्दल तू जे लिहिलं आहेस त्यावरून मला घोर वाटत नाही. साधारण अडीच वर्षांला पन्नासेक शब्द, दोन शब्द जोडून बोलणं आणि त्यात एखादं क्रियापद. तीन वर्षांला दोनदा तरी आलटून पालटून चालेल असा संवाद, एवढं बालरोगतज्ज्ञ पाहतात. तुझा मुलगा त्याच्या बराच पुढे आहे. पण हे पत्र वाचणाऱ्या इतर कुणाचं मूल हाक मारल्यावर वळून बघत नसेल, बोटाने दाखवत नसेल, नजर देत नसेल, दोन वर्षं उलटली तरी दोन शब्द जोडत नसेल किंवा येत होते ते शब्द विसरत चाललं असेल, तर ‘आमच्याकडे सगळे उशिराच बोलले’ म्हणून बसू नका. आधी कान तपासून घ्या. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे कधी कधी पाणी साठतं आणि ऐकू कमी येतं, हे घरात लक्षातही येत नाही. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग यांच्या नावाची वाचा आणि श्रवण दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे मुलांच्या ऐकण्या-बोलण्याची तपासणी होते. तपासून सगळं ठीक निघालं तर आनंदच आहे. वाट पाहण्यात गेलेले महिने परत मिळत नाहीत.

मोबाइलबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी तर उत्तम, असं सांगितलं. मला त्या तासापेक्षाही जेवणाची जास्त काळजी वाटते, कारण संवादाची ती हक्काची वेळ असते. मोबाइल समोर असला की घास आपोआप आत जातो आणि तोंड फक्त चावायचं काम करतं. सगळं एकदम बंद करू नकोस. फक्त रात्रीचं जेवण निवड. तीनचार दिवस रडेल, कमी जेवेल. उपाशी राहणार नाही. दुपारचा मोबाइल आजीवर सोड. साठी उलटलेल्या बाईने दिवसभर या वयाच्या मुलामागे धावणं काय असतं ते आठव, आणि त्या अर्ध्या तासावरून घरात भांडण काढू नकोस.

आजीचा विषय निघालाच आहे, तर मनातलं सांगते. तो आजीकडे धावतो याचं तुला दुःख आहे, हे पत्रात तू कुठेच उघड लिहिलेलं नाहीस, पण ओळीओळीत आहे. ते साहजिक आहे. दारात आल्यावर ‘आजी पायजे’ ऐकलं की छातीत कळ येते, ती मीही सोसली आहे. पण बघ, त्याच्याकडे इतकं बोलणं आहे ते आजीमुळेच. तिने दिवसभर भांडी घासताना, कावळ्याला पोळी घालताना, चिऊकाऊची गोष्ट विसाव्यांदा सांगताना त्याच्या कानात जे ओतलं, तेच संध्याकाळी तुझ्या वाट्याला येणार आहे. घरी आल्या आल्या ‘आज जेवला का, झोपला का, मोबाइल किती दिलात’ अशी सासूबाईंचीही उलटतपासणी होत असेल तर ती थांबव. त्याऐवजी त्यांना एकदा स्वच्छ शब्दांत म्हण, ‘आई, तुमच्यामुळे हा इतका बोलतो.’

एक सवय मात्र घरातल्या सगळ्यांनीच सोडायला हवी. ‘जेवला नाहीस तर पोलीस नेतील’, ‘डॉक्टर सुई टोचतील’, ‘बागुलबुवा येईल’. तू लिहिलं आहेस की हे चालतं, आणि बहुतेक घरांत चालतं. आपण मुंबईत राहतो. एखाद्या गर्दीच्या दिवशी कुर्ल्याच्या किंवा दादरच्या पुलावर हात सुटला, तर त्या मुलाने पोलिसाकडेच जायला हवं. त्याच्यापासून लांब पळणारं मूल आपल्याला चालणार आहे का? पोलीसकाका दिसले की हात हलवायला शिकव. स्वतःचं पूर्ण नाव आणि आईबाबांचं नाव बोलता बोलता म्हणायला लाव, खेळासारखं. मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर १०९८ आहे, तो मोठ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

नोकरीचं. या कारणासाठी सोडू नकोस. मुलाशी बोलायला दिवसभर घरी असावं लागतं, असं मला अनुभवाने वाटत नाही. दिवसभर घरी असलेल्या आयासुद्धा ‘थांब, आत्ता नको’ म्हणत दिवस काढतात, मीही काढले आहेत. तुझ्याकडे रोज दीड-दोन तास आहेत, त्यातली अर्धा तास अखंड लक्ष असलेली वेळ पुरते. थकव्यामुळे, प्रवासामुळे, तुझ्या तब्येतीमुळे नोकरी नकोशी झाली असेल, तर तो वेगळा प्रश्न आहे आणि मग मला वेगळं पत्र लिही, त्याचा हिशेब वेगळा मांडू. ‘मी आई म्हणून कमी पडते’ या भावनेतून दिलेला राजीनामा पुढे मुलावर ओझं होऊन बसतो.

रविवारी जमलं तर त्याला ट्रेनने घेऊन जा, मॉलमध्ये नको. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. रविवारी दुपारी गर्दी कमी असते, खिडकी मिळते. भायखळ्याला उतरलात तर राणीची बाग आहे, पेंग्विन आहेत. नाही उतरलात तरी काही बिघडत नाही, त्याला गाडीच हवी आहे. तू रोज कशाने जातेस ते त्याला दिसू दे. तुझी बसायची जागा दाखव, तुझा प्लॅटफॉर्म दाखव, ‘आई इथून चढते’ म्हण. मग संध्याकाळी मेथीवाल्या काकूंची गोष्ट सांगशील तेव्हा त्याला ती जागा ठाऊक असेल. आणि पुढच्या वेळी ‘मी गाडी’ म्हणाला, तर तो कुठे निघाला आहे याचा अंदाज तुला येईल.

डबा या सोमवारपासूनच ठेव. पहिल्या दिवशी त्यात काय निघालं ते मला नक्की कळव. मी वाट पाहते.

तुझी,
ताई